बेट तेवढं राहिलंय

माझ्या सासूबाई पडदे शिवतात. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे आणि वर दांडीला लोंबणारे कुणाकुणाचे अर्धवट पडदे. पडदा शिवला की त्या खालची पट्टी लगेच दुमडत नाहीत, काही दिवस तसाच टांगून ठेवतात. "स्वतःच्या वजनानं किती उतरायचं तेवढं उतरू दे, मग दुमडू," म्हणतात. गिऱ्हाईक दारात येऊन कितीही आरडाओरडा करो, बाई ढिम्म. हट्टी आहेत, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.

त्यांचा दुसरा हट्ट याहून अवघड. वाईट बातमी घरात सांगायची नाही. त्या लहान असताना त्यांचे वडील गेल्याचा निरोप स्वयंपाकघरात आला होता. त्यानंतर त्यांची आई ओट्यापाशी उभी राहिली की हातातलं भांडं विसरायची आणि भिंतीकडे बघत बसायची. "ऐकलेलं जागेला चिकटतं गं," सासूबाई म्हणतात. "मला दिवसभर याच घरात बसून शिवायचंय. इथे काही चिकटायला नको." म्हणून वाईट काही सांगायचं असलं की सगळ्यांना घेऊन बाहेर जायचं. बाहेर सांगायचं, बाहेरच रडायचं आणि तोंड धुऊन घरी यायचं.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "चल, जरा कोपऱ्यापर्यंत पाय मोकळे करू." मी आपली हुरळून गेले. ठेवणीतले कपडे घातले, केस नीट केले. कोपऱ्यावर पोचल्यावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुझा स्वयंपाक फार खारट होतो. कुणी बोलत नाही, पण कुणाला जात नाही." झालं! नटूनथटून गेले तशी परत आले. नवऱ्याला सांगितलं तर हा हसतोय. "कोपऱ्यावरच नेलं ना? मग नशीबवान आहेस."

कारण बातमी जितकी जड तितकं लांब जायचं, असा यांचा हिशेब. सासऱ्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा बागेतल्या बाकावर बसून सांगितलं. माझ्या नणंदेचं ठरलेलं लग्न मोडलं, ते थेट तळ्याच्या काठी. आणि सासऱ्यांचं दुखणं आता बरं होणार नाही, हे सांगायला सासूबाई दोन्ही पोरांना घेऊन गावाबाहेरची टेकडी चढल्या होत्या. वरपर्यंत, धापा टाकत.

तर अशा या बाईंनी एका दुपारी जेवताना सहज म्हटलं, "आपण सगळे दोन दिवस बेटावर जाऊन येऊ या का?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मीही धास्तावले, खोटं कशाला बोलू! धक्क्यावर उभं राहिलं की बेट समोर दिसतं, पण जायचं म्हणजे बोटीनं समुद्र ओलांडून जायचं. टेकडीच्याही पलीकडे. बातमी ऐकायला आजवर एवढ्या लांब या घरातलं कुणी गेलेलं नव्हतं.

"का गं आई? एकदम बेट?" नवऱ्यानं विचारलं.

"असंच," त्या म्हणाल्या आणि भात वाढून घेतला.

'असंच' ऐकल्यावर तर सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नणंद औषधांच्या दुकानात काम करते. त्याच रात्रीपासून तिची हेरगिरी सुरू. आईच्या पर्समध्ये कुठल्या गोळ्या आहेत, आई जेवते किती, झोपते किती. सापडलं काय, तर दोऱ्याची रिळं आणि खोकल्याच्या गोळ्या. नवऱ्यानं वेगळी वाट धरली. न्यायचंच नाही. नेलं नाही तर ती सांगणार नाही, आणि सांगितलं नाही तर जणू काही झालेलंच नाही! माणूस लिफ्टचा मिस्त्री, अख्ख्या शहरातल्या लिफ्ट खालीवर करतो, पण आईसमोर अडकून पडतो.

सासूबाई मात्र तयारीला लागल्या. धक्क्यावर जाऊन बोटीच्या वेळा विचारून आल्या. उरलेल्या कापडातून चौघांसाठी पिशव्या शिवल्या. बेटावर एक साधंसं लॉज आहे, तिथली समुद्राकडच्या खिडकीची खोली हवी म्हणाल्या. "पडदे कसे असतील कोण जाणे. वाईट असले तर काढूनच ठेवीन," असं म्हणून एकट्याच हसल्या. गिऱ्हाइकांनाही सांगून ठेवलं, मी दोन दिवस नसेन हं.

आणि नवरा टाळाटाळ करत राहिला. आधी म्हणाला रजा नाही. मग समुद्र खवळलेला आहे. मग कुठल्याशा मोठ्या इमारतीच्या लिफ्टचं काम निघालं. सासूबाई दर वेळी "बरं" म्हणायच्या आणि पिशव्या परत कपाटात ठेवायच्या. माझं डोकं फिरायचं. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. एकदा त्याला चांगलं फैलावर घेतलं. "अरे, म्हातारी माणसं दहा वेळा विचारत नाहीत. काय असेल ते ऐकून तरी घे!" तर म्हणाला, "तू टेकडीवर नव्हतीस." असं करत अख्खा हिवाळा सरला.

मग एका रविवारी सकाळी आम्ही चौघं स्वयंपाकघरात चहा पीत होतो. मी ओट्याशी कांदा चिरत होते. सासूबाईंनी कप बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "जरा ऐका. मला पोटात गाठ निघालीये."

कुणाला कळेचना. म्हणजे शब्द कळले, पण त्या ते इथे, टेबलाशी बसून बोलतायत, हे कळेना. नवरा खुर्ची सरकवून उठलाच. "आई, थांब. थांब ना. बाहेर जाऊ. बागेत जाऊ, चल."

"खाली बस."

"मी गाडी काढतो. तू म्हणशील तिथे..."

"बस म्हणते ना!"

तो बसला. त्यांनी सगळं सांगितलं. गेल्या आठवड्यात दुखायला लागलं, म्हणून शेजारणीला घेऊन दवाखान्यात गेल्या, तपासण्या झाल्या. ऑपरेशन करायचं आहे, पण डॉक्टरांनी फारशी आशा दाखवलेली नाही. पडद्याचं माप सांगावं तशा सरळ आवाजात बोलल्या. नणंद टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली.

नवऱ्यानं विचारलं, "गेल्या आठवड्यात? मग तू हिवाळ्याच्या आधी बेट बेट करत होतीस, तेव्हा काय सांगायचं होतं?"

"काही नाही रे."

"काही नाही म्हणजे?"

"तेव्हा कुठे काय झालं होतं? नुसतं जायचं होतं. चौघांनी बोटीत बसायचं, वारा खायचा, हिंडायचं. असंच म्हणाले होते की मी."

मला नवऱ्याचा संताप आला होता आणि त्याच वेळी त्याला जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

"मग आज घरात का सांगितलंस?" नणंदेनं मान वर न करता विचारलं. "तूच म्हणतेस ना, चिकटतं म्हणून."

"अगं, जागाच कुठे उरल्यात? बागेत गेले की मला कारखाना आठवतो. तळ्यावर तुझं लग्न. टेकडीकडे तर मान वर करून बघवत नाही. सगळं गाव मीच खराब करून ठेवलं. एक बेट तेवढं राहिलंय. तिथे नेऊन हे सांगितलं असतं, तर मग आपण फिरायला म्हणून कधी जाणार होतो?"

नवरा उठला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खिशातून फोन काढून बोटवाल्यांचा नंबर लावला. पलीकडून कधीची तिकिटं हवीत असं विचारलं असावं, कारण तो वळून आईकडे बघायला लागला. "उद्याची सांग," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिथे याबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. रडायचं असेल त्यांनी आत्ताच रडून घ्या."

मग त्या उठून माझ्याजवळ ओट्याशी आल्या. मी सुरी हातात धरून तशीच उभी होते. त्यांनी आवाज खाली आणला.

"मी आज आहे, उद्या नाही. तुला मात्र इथे रोज उभं राहायचंय. तुला आधी विचारायला हवं होतं. तुझं स्वयंपाकघर खराब केलं गं मी."

"खड्ड्यात गेलं स्वयंपाकघर," मी म्हणाले आणि त्यांना घट्ट मिठी मारली. "आई, तुम्ही आधी बॅग भरायला घ्या."