माफी नको, हप्ता लावा

"निमिषला तुझी पाटवडी फार आवडली हं," असं वसुधा फोनवर सहज बोलून गेली, आणि प्रताप चौगुलेच्या पोटात जे पेटलं ते पुढं वर्षभर विझलं नाही.

वसुधा त्याची बायको होती. तीन वर्षं झाली वेगळं होऊन. डब्लिनच्या एका सरकारी इस्पितळात ती भूल देणारी डॉक्टर, राहायला सँडीफोर्डच्या फ्लॅटमध्ये. निमिष म्हणजे तिच्याबरोबर आता राहणारा पुण्याचा गडी. औषधांच्या कंपनीत मोठ्या पगारावर, दर रविवारी सायकल घेऊन डोंगरात जाणारा, पोट सपाट, बोलणं त्याहून सपाट. काहीही विचारलं की "ग्रँड, ग्रँड" म्हणायचा. आणि जिच्यासाठी प्रतापनं ती पाटवडी रांधली होती ती निहारिका, त्याची लेक, अकरा वर्षांची.

प्रताप कोल्हापूरचा. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आयर्लंडला आला आणि इथंच रुतला. आधी दुसऱ्यांच्या हॉटेलात कांदे कापले, मग ल्यूकनला एक किचन भाड्यानं घेऊन डब्यांचा धंदा काढला. सँडीफोर्डच्या ऑफिसांमध्ये रोज दीडशे डबे जायचे. तीन पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात. मराठी पोरं तर खायचीच, पण आयरिश लोकही बुधवारच्या अंडाकरीसाठी रांग लावायचे. मार्च दोन हजार वीसमध्ये ऑफिसं बंद झाली. शुक्रवारी दीडशे डबे गेले, सोमवारी चार. त्यातला एक पहारेकऱ्याचा.

कोर्टाच्या हुकमानं निहारिकेच्या पोषणासाठी आठवड्याला ऐंशी युरो वसुधाच्या खात्यात जायचे. ते एप्रिलपासून थांबले. सरकारचा कोविडचा भत्ता मिळाला तो किचनच्या भाड्यात आणि व्हॅनच्या हप्त्यात गेला. धंदा आज ना उद्या सावरेल, ही आशा त्याला भारी पडली. पण पोरगी उपाशी राहील असा बाप तो नव्हता. फ्रीझर भरलेला, पिठाची पोती पडून. दर शनिवारी तो पिशवी भरायचा. पोळ्यांची चळत, उसळ, वरणाचा डबा, आठवड्याला पुरेल एवढं. सँडीफोर्डच्या दारात ठेवायचा, चार पावलं मागं सरून उभा राहायचा, निहारिका मास्क लावून यायची, दहा मिनिटं बोलायची. त्याच्या मनात हिशोब साफ होता. ऐंशी युरोचं काय, शंभरचं अन्न जातंय घरात. तेही बापाच्या हातचं.

आणि ते अन्न निमिष खात होता.

प्रतापची आई, लीलावती, फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी म्हणून आली आणि विमानं बंद पडल्यानं अडकली होती. ल्यूकनच्या एका घरातली एक खोली, त्यात मायलेक. तिनं वसुधाचा तो फोन अर्धवट ऐकला.

"काय रं, त्यो बाबा बसून खातोय व्हय तुझ्या हातचं?"

"हं."

"लाज न्हाई वाटत मेल्याला. आन तू बी शाना. तिखाट घाल की वाईच, पाणी पिऊन पिऊन फुगू दे."

म्हातारी थट्टेत बोलली. पण प्रतापच्या डोक्यात ते बसलं. पुढच्या शनिवारच्या पाटवडीच्या रश्श्यात त्यानं घरून आणलेली कांदा-लसूण चटणी मोजून नव्हे, मूठ भरून घातली. रस्सा लालभडक झाला. ढवळताना त्याला स्वतःलाच ठसका लागला, आणि त्या ठसक्यातही त्याला बरं वाटलं.

सोमवारी निहारिकेचा फोन आला. "बाबा, आय कुडन्ट ईट इट. माय माउथ वॉज ऑन फायर."

"मग काय केलंस?"

"टोस्ट खाल्ला. निमो एट इट ऑल. ही वॉज स्वेटिंग लाइक मॅड. ही सेड इट्स द बेस्ट यट."

निमो. तिनं त्याला नावही ठेवलं होतं. प्रतापचं नाव त्याच्या बापानं दिलेलं, आणि त्याला पोरगी बाबा म्हणायची, जसं कुठलंही पोर बापाला म्हणतं. निमो मात्र तिनं स्वतः घडवलेलं. त्या रात्री तो निमिषचं सगळं आठवत बसला. घरी शाळा चालू झाली तेव्हा तिची गणितं कोण घेतं? निमो. कॅमोगी, म्हणजे इथल्या पोरींचा हॉकीसारखा खेळ, त्याची स्टिक कोणी आणून दिली? निमो. स्टिक ॲशच्या लाकडाची, मुठीला निळी पट्टी, तिचं नाव कोरलेलं. पोरीनं व्हिडिओवर ती फिरवून दाखवली तेव्हा प्रताप "छान" म्हणाला होता, आणि तो शब्द दातात अडकलेल्या शेंगदाण्यासारखा दोन दिवस बोचत राहिला.

नोव्हेंबरात सगळं संपलं. किचनचं भाडं, व्हॅन, बँकेचं कर्ज मिळून नव्वद हजारांच्या वर. प्रतापनं दिवाळखोरीचा अर्ज केला. फॉर्मवर देणेकऱ्यांची नावं लिहायची होती. त्यानं एक एक लिहिली, आणि शेवटी निहारिकेची थकबाकीही लिहून टाकली. मनात म्हणाला, एक वर्ष दिवाळखोर म्हणून काढायचं, मग पाटी कोरी. बँकेला बुडवताना त्याला लाज वाटली नाही. शेवटच्या ओळीवर मात्र पेन थोडं थांबलं.

दिवाळखोरीच्या खात्यातल्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, बातमी कडू.

"मिस्टर चौगुले, बाकीची कर्जं यात येतात. मुलीच्या पोषणाची बाकी येत नाही. ती तुमच्या अंगावरच राहणार, दिवाळखोरी संपली तरी."

"पण मी तिला दर आठवड्याला जेवण देतोय."

"ते तुम्ही कोर्टाला सांगा. रक्कम झेपत नसेल तर कमी करून मागा. स्वतःहून थांबवू नका."

स्वतःहून तर कधीच थांबवली होती. त्यानं कोर्टात अर्ज केला. पुढची रक्कम कमी करा, आणि मागची बाकी जेवणात फिटली असं धरून माफ करा. कोर्टं तुंबलेली. तारीख मिळाली जून एकवीसची. मध्ये जानेवारीत त्याला एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात नोकरी लागली. मऊ बटाटे, मऊ गाजरं, मीठ नावाला. घास गिळता न येणाऱ्या माणसांसाठी मांससुद्धा मिक्सरमधून काढायचं. शनिवारची पिशवी बंद झाली, कारण आता पीठही विकत होतं. पोरीला भेटायला तो रिकाम्या हातांनी जायचा, आणि निमिष दार उघडून म्हणायचा, "या ना, चहा घेऊन जा." यापेक्षा त्यानं दार तोंडावर आपटलं असतं तर प्रतापला परवडलं असतं.

"आत जा की," लीलावती म्हणायची. "बघ तरी कसलं घर हाय."

"मला नाही बघायचं."

"रोज तर इच्यारतोस पोरीला, पडदं कसलं, टीव्ही किती मोठा. आन म्हनं न्हाई बघायचं."

जूनमधल्या त्या सकाळी वरच्या मजल्यावर कोर्टाच्या खोलीबाहेर अंतर राखून खुर्च्या मांडल्या होत्या. वसुधा आली, ड्यूटीवरून थेट, डोळ्यांखाली काळं. निमिष तिला गाडीतून सोडायला आला होता. तो खालीच थांबला, पण वरच्या खिडकीतून प्रतापला त्याची गाडी दिसली. टपावर दोन सायकली. एक मोठी, एक लहान.

"बरा आहेस?" वसुधानं विचारलं.

"ग्रँड," प्रताप म्हणाला, आणि कुणाचा शब्द आपल्या तोंडात आला म्हणून स्वतःवरच चिडला.

आत जज एक पन्नाशीच्या बाई होत्या. दोघांनीही वकील केला नव्हता. बाईंनी कागद चाळले.

"बासष्ट आठवडे. चार हजार नऊशे साठ. या काळात तुम्ही जेवण देत होता म्हणता. किती, कधी, काही नोंद आहे?"

"नाही. पोरीला जेवू घालताना पावती कशी मागायची?"

बाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. "मिस्टर चौगुले, मला तुमचा विश्वास वाटतो. पण हुकूम पैशांचा आहे. वडिलांनी दिलेलं जेवण ती भेट झाली. त्यातून वजावट मी करू शकत नाही."

तेवढ्यात वसुधानं हात वर केला. "मला काही बोलायचंय. मागची बाकी मला नको. दोघांच्या संमतीनं सोडून देता येत असेल तर मी तयार आहे."

प्रतापनं मान वळवली. अर्जात जे मागितलं होतं ते त्याच्या पुढ्यात आलं होतं. वर्षभर उरावर बसलेला धोंडा ही बाई आपल्या हातानं उचलत होती. त्याच्या खांद्यांतून खरंच थोडा भार उतरला. तो आभार मानणार होता.

"तुम्ही नीट विचार केलाय?" जजनी तिला विचारलं.

"हो. निमिषशी, माझ्या पार्टनरशी बोलले. तोच म्हणाला, आपलं व्यवस्थित भागतंय, प्रतापच्या मागे कशाला लागायचं. निहारिकेला काही कमी पडणार नाही."

खिडकीबाहेर ती गाडी उभी होती. लहान सायकलीचं चाक वाऱ्यानं हळूहळू फिरत होतं.

"नको," प्रताप म्हणाला.

"काय नको?"

"माफी नको. बाकी राहू द्या. हप्ता लावा."

जजनी चष्मा काढला. "तुमच्या अर्जात तुम्हीच माफी मागितली आहे."

"मागितली होती. आता मागे घेतो."

"तुम्ही दिवाळखोर आहात, मिस्टर चौगुले."

"बँकेचा आहे. हिचा नाही."

वसुधा हलक्या आवाजात मराठीत म्हणाली, "प्रताप, काय वेडेपणा आहे हा? सुटतोयस तर सूट ना."

"त्याला सांग, त्यानं स्टिक घ्यावी, सायकल घ्यावी, चंद्र घ्यावा. हे माझं देणं आहे. हे फेडायला तो नको."

"त्यानं फेडायचा प्रश्नच नाही. तो फक्त म्हणाला..."

"त्यानं म्हणायचंही नाही."

जजना मराठी कळत नव्हतं. पण घरगुती भांडणं ऐकण्यात त्यांचा जन्म गेला असावा. त्यांनी प्रतापच्या पगाराचा कागद दोनदा वाचला आणि हुकूम सांगितला. पुढची रक्कम आठवड्याला चाळीस. त्यावर बाकीपोटी दहा. खोलीभाडं, प्रवास आणि मायलेकांचं जेवण वजा जाता त्याला झेपेल ते एवढंच.

दहाच्या हिशोबानं चारशे शहाण्णव आठवडे. साडेनऊ वर्षं. प्रतापनं मनातल्या मनात दोनदा भागाकार केला. तोवर पोरगी विशीत असेल. साडेनऊ वर्षं दर शुक्रवारी त्या फ्लॅटमध्ये, वसुधाच्या खात्यावर, त्याचं नाव उमटणार होतं, निमिषच्या डोळ्यांदेखत. जिना उतरताना त्याची पावलं हलकी होती. निमिषनं काच खाली करून हात केला, आणि वर्षभरात पहिल्यांदा प्रतापनंही केला.

घरी लीलावतीनं कपाळाला हात लावला. "माफ करत हुती आन तू नगं म्हनलास? माझ्या पोटाला कसलं बेनं आलं रं." मग थोड्या वेळानं, पीठ मळता मळता, "त्याचं त्वांड कसं झालं?"

"त्याचं तोंड मास्कमध्ये होतं."

"आरारा."

त्या शनिवारी निमिष निहारिकेला ल्यूकनला सोडून गेला आणि संध्याकाळी न्यायला आला. गाडी दारात लावून आत बसून राहिला. पोरगी जोडे घालत होती.

"मम सेज यू ओ मी फाइव्ह थाउजंड युरोज."

"चार हजार नऊशे पन्नास. काल दहा गेले."

"निमो सेज यू डिडन्ट हॅव टू."

"तो काय म्हणतो ते त्याच्यापाशी."

तिनं नाडी बांधता बांधता विचार केला. "कॅन आय हॅव फिफ्टी नाऊ?"

"नाही. ते आईकडं जातात, हप्त्यानं. आणि तुझ्या पोटात, अंगावर, शाळेत जातात. हप्ता म्हणजे काय माहितीये का तुला?"

"नो."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, अगदी छोटा, सभ्य. प्रताप पायरीवर बसला आणि त्यानं पोरीला शेजारी बसायला जागा करून दिली.

"बस. सांगतो," तो म्हणाला. "आधी व्याजापासून सुरू करू."