एका कार्डाने काय होतंय

स्टॅटिस्टिक्स शिकलेल्या पोरीला नोकरी लागते, हे आमच्या भांडुपच्या टेकडीवर कोणाला पटत नव्हतं. मला लागली. अंधेरीच्या एका संस्थेत एक सर होते. शहरात टीबी कसा पसरतो ते त्यांना कॉम्प्युटरवर शोधायचं होतं. खोलीत माणसं किती, खिडकी आहे का, पाणी कुठून आणता, कमावता माणूस संपानंतर काय करतो, खोकला कोणाला आणि किती दिवस. घराला एक फॉर्म आणि फॉर्माला एक भोकं पाडलेलं कार्ड. हजारो कार्डं एकदम मशीनमध्ये घातली की कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीला धरून चालते ते कळतं, असं सर सांगायचे आणि माझ्या अंगावर काटा यायचा. ज्या वस्तीचा आकडा सगळ्यात वर येईल, तिथे एक ट्रस्ट एक्स-रेची गाडी पाठवणार होता.

सरांनी मला भांडुपच दिलं. म्हणाले, "तुमचीच माणसं आहेत, तुम्हाला खरं सांगतील." किती हुशार माणूस, आणि किती भोळा!

आमच्याच घरात दादा खोकत होता. माझा थोरला भाऊ. संपात गिरणी गेली, मग मुलुंडच्या एका कारखान्यात पॉलिशच्या धुरळ्यात उभा राहायचा. रुमालात रक्त दिसलं तरी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात जायला तयार नव्हता. कारण धाकटीचं लग्न ठरत होतं, आणि मुलाचा सख्खा काका त्याच हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर बसायचा. दुसरीकडे जा म्हटलं तर म्हणायचा, "ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच गं." गाडीला मात्र तो तयार होता. "अख्खी चाळ लाइनीत उभी असेल, मला एकट्याला कोण बघतंय?"

म्हणजे गाडी यायलाच हवी होती. आणि आमच्या घराचा फॉर्म भरताना आईने माझा हात धरला. "शून्य लिही."

"आई, खोटं लिहिलं तर गाडी कशी येणार?"

"बाकीचे सांगतील ना. आपल्या एकट्याच्या कार्डाने काय होतंय? आणि लग्न मोडलं तर तुझा कॉम्प्युटर नवरा आणून देणारे का?"

मी शून्य लिहिलं. मला वाटलं, सरांनीच तर शिकवलंय, कोणी वाढवून सांगतं, कोणी कमी सांगतं, हजारो कार्डांत चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मग चाळभर फिरले. प्रत्येक दारात तेच, "नाही गं बाई, सगळे बरे आहेत." आतून खोकल्याचा आवाज यायचा आणि मी शून्य लिहायचे. प्रत्येक घरात एक तरी लग्नाची पोर होती. चुका सगळ्या एकाच बाजूला पडत होत्या, आणि एवढी शिकलेली मी, माझ्या टाळक्यात ते शिरलं नाही.

कागदाचा तो लांबलचक पट्टा मशीनमधून बाहेर आला तेव्हा आमची टेकडी यादीत शेवटची होती. सर खूश. "उतारावर वारा खेळता असणार," म्हणाले आणि वहीत लिहूनसुद्धा घेतलं. डोंबलाचा वारा! आमच्या खोल्यांच्या पाठीला डोंगर आणि तोंडासमोर दुसऱ्याची भिंत.

मी म्हटलं, "सर, एक कार्ड चुकलंय. आमचं."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "एका कार्डाने क्रम बदलत नाही," म्हणाले. "बाकीच्यांनीही लपवलं असेल तर आठ दिवसांत त्यांच्याकडून खरं लिहून आणा, मी परत चालवतो."

पहिली गेले शेजारच्या काकीकडे. मधली भिंत एका विटेची, तिच्या नवऱ्याचा खोकला आम्हाला पाठ होता. मी गाडीचं सगळं समजावलं. काकीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरात आहे का गो कोणाला?"

धाकटी नळावरून हंडा घेऊन येत होती. चार दिवसांवर साखरपुडा.

"नाही," मी म्हटलं.

"मगे आमच्याच घरात कशाला असेल?"

पुढच्या दारांत मी गेलेच नाही. कुठल्या तोंडाने जाणार? गाडी घाटकोपरला गेली. दादा विचारायचा, "कधी येणार गं?" मी म्हणायचे, "येईल रे." एक्स-रेला शर्ट काढावा लागतो म्हणून त्याने नवा बनियन आणून ठेवला होता. मला त्याच्याकडे बघवायचं नाही.

लग्न झालं. वऱ्हाड निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दादाला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" आईने माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. गणपती यायच्या आत दादा गेला.

तेराव्याला काकी आली. माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आमच्या ह्यांनाही तेच आहे गो. त्या दिवशी तू हो म्हणाली असतीस ना, तर मीपण सांगितलं असतं."