भावजींचं पातळ रक्त

माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, घरं रंगवतात. सगळी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणते, ताई 'अहो' म्हणते आणि मी तोंडाला येईल ते म्हणते. धाकट्या मेहुणीला तेवढा हक्क असतोच. शिवाय मी दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीत बसते, त्यामुळे ताईच्या घरात कुणाला नुसती शिंक आली तरी मला बोलावणं येतं. भावजी मला 'पुडीवाली' म्हणतात. औषधांच्या पुड्या बांधते म्हणून, असं ते वरवर सांगतात. पुड्या सोडते म्हणून, असं त्यांना म्हणायचं असतं.

भावजींचा जगात एकच शत्रू आहे, तो म्हणजे ओघळ. रंगात थिनर जास्त पडलं की रंग पातळ होतो, भिंतीला धरत नाही आणि खाली ओघळतो. ते त्यांना अजिबात खपत नाही. एकदा आम्ही सगळे एकांकडे मुलगी बघायला गेलो होतो. चहा आला, बोलणी सुरू झाली, तेवढ्यात भावजींना दाराच्या चौकटीवर एक ओघळ दिसला. रंग कुणी दुसऱ्यानेच दिलेला. तरी यांनी कप खाली ठेवला, खिशातून सँडपेपरचा तुकडा काढला आणि चौकट घासायला सुरुवात केली. ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. मी मात्र पोट धरून हसले.

'पातळ' ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शिवी. माणूस आवडला नाही की त्याला चोर, लबाड वगैरे म्हणायचं नाही, 'पातळ आहे' एवढंच म्हणायचं. ताईचा एक मावसदीर पातळ, आमच्या दवाखान्यातला हिशेबनीस पातळ आणि लहर लागली की मीसुद्धा पातळ.

औषधांच्या बाबतीत त्यांनी स्वतःचं एक शास्त्र तयार केलं होतं. डावा गुडघा दुखत असला की दुखण्यावरची गोळी घ्यायची आणि लगेच डाव्या कुशीवर निजायचं, म्हणजे औषध घरंगळत नेमकं डाव्या पायात जातं. हे कळलं तेव्हा मी हातच टेकले.

"अहो भावजी, गोळीला तुमच्या गुडघ्याचा पत्ता ठाऊक नसतो. ती पोटात विरघळते, तिथून रक्तात उतरते आणि रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. गुडघ्यात, कानात, टाचेत."

"मग दुखायचा गुडघाच कसा थांबतो?"

"जिथे दुखतं तिथे शरीर एक रसायन तयार करत असतं. त्याच्यामुळे सूज येते आणि दुखण्याची बोंब मेंदूपर्यंत पोचते. गोळी ते तयार होऊ देत नाही. कान दुखतच नव्हता, त्यामुळे तिथलं तुम्हाला काही कळत नाही."

"म्हणजे बाकीच्या अंगात फुकट जाते."

"फुकट जात नाही, उलट खोड्या काढते. पोटाला आतून अस्तर असतं. ते राखायला तसलंच रसायन लागतं, आणि गोळी तेही बंद पाडते. म्हणून रिकाम्या पोटी घ्यायची नाही."

एवढ्या सगळ्यातलं त्यांनी फक्त 'अस्तर' उचललं. पोटालासुद्धा, रंगाआधी भिंतीला देतात तसा, अस्तराचा हात दिलेला असतो, ही बातमी त्यांनी पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना ऐकवली. अस्तराशिवाय रंग मारा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला ते त्याच्याच पोटाचा दाखला द्यायचे.

मग एके सकाळी शिडीवर असताना त्यांच्या छातीत कळ आली. हे खाली उतरले, आणि उतरून काय केलं? ब्रश धुतला. ब्रश कडक झाला की वाया जातो ना! ब्रश धुऊन, झटकून, डब्यावर आडवा ठेवला आणि मग घामाघूम होऊन जमिनीवर बसले. घरमालकिणीने आरडाओरडा करून गाडी बोलावली म्हणून निभावलं. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी मनगटातून तार घालून ती उघडली आणि पुन्हा मिटू नये म्हणून आत एक बारीक धातूची जाळी बसवली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "या दोन गोळ्या रक्त पातळ करायच्या. मी सांगेपर्यंत एकही दिवस चुकवायच्या नाहीत. चुकवल्या तर जाळी बंद पडेल, आणि मग गाठ माझ्याशी नाही, थेट वरच्याशी आहे."

ताई 'वरच्याशी' ऐकून रडायला लागली. भावजींनी मात्र त्याच्या कितीतरी आधी, 'पातळ' या शब्दालाच कान बंद केले असावेत. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. डॉक्टर तसं म्हणतात, आम्ही खिडकीतले तसं म्हणतो, सगळं जग तसंच म्हणतं. शब्द तोंडात बसलेला आहे. गोळ्या घेणारा माणूस पेंटर असेल याचा विचार कोण करतो?

पुढचे काही आठवडे सगळं सुरळीत चाललं होतं. ताई रोज जेवण झालं की गोळ्या आणि पाणी हातात द्यायची. रिकामी पाकिटं कचऱ्यात दिसायची. शिडीला मनाई होती, म्हणून भावजी घरातल्याच खुर्च्या रंगवत बसलेले असायचे. मी गेले की म्हणायचे, "आली बाई पुडीवाली. आता नाडी बघणार."

एका रविवारी मी गेले तेव्हा ते गॅलरीत बसून खिडकीच्या लाकडावरचा जुना रंग पत्र्याने खरवडत होते. बोलता बोलता पत्रा निसटला आणि अंगठ्यात घुसला. चांगलीच चीर पडली. ताई किंचाळून आत कापूस आणायला धावली. मी अंगठा दाबून धरला. ताई कापूस घेऊन येईस्तोवर रक्त थांबलंसुद्धा.

"बरं झालं बाई, लवकर थांबलं," ताई म्हणाली आणि हाश्श करून खुर्चीत टेकली.

मी मात्र कापूस उचलून अंगठा पुन्हा बघितला. त्या दोन गोळ्या पोटात असलेल्या माणसाचं रक्त इतक्या लवकर थांबत नाही. साध्या ओरखड्यालासुद्धा ते बराच वेळ झिरपत राहतं. म्हणजे भावजींच्या पोटात गोळी नव्हती.

"भावजी, गोळ्या कुठायत?"

"पोटात."

"कुणाच्या?"

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. पण माणूस भिंतीसारखा कोरा राहू शकत नाही. त्यांची नजर एकदाच, चोरून, गॅलरीच्या कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्याकडे गेली. मी उठले आणि डब्याचं झाकण उचकटलं.

डब्यात खुर्च्यांचा उरलेला निळा ऑइलपेंट होता. झाकण सैल राहिलं होतं, त्यामुळे वर जाड साय धरली होती. आणि त्या सायीत गोळ्या रुतून बसल्या होत्या, काही पांढऱ्या, काही गुलाबी. ताईने हातात दिल्या की 'गॅलरीत जरा वारा खातो' म्हणून हा माणूस तिथे जायचा आणि त्या डब्यात टाकायचा.

ताईने डब्यात पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त हातातला कापूस बाजूला ठेवला, आणि भावजी घाबरले.

"दाढी करताना जरासं लागलं," ते पुटपुटले. "गळ्यावरून पार कॉलरपर्यंत ओघळ आला. थांबेचना. आरशात बघितलं आणि म्हटलं, झालं! आयुष्यभर डब्यात कधी थेंब जास्त पडू दिला नाही, आणि आता अंगातच थिनर ओततायत. पातळ रक्ताच्या माणसाने शिडीवर काय चढायचं? त्यापेक्षा..."

"त्यापेक्षा काय?" ताई एकदम म्हणाली. "भिंती गेल्या चुलीत. मला तुम्ही हवे आहात. तुम्ही मेलात तर मी ओघळ पुसत बसू का कुणाचे?"

भावजींनी मान खाली घातली. मला रागही आला होता आणि रडूही येत होतं. दोन्ही एकदम आलं की मी शिकवायला बसते, ती माझी खोडच आहे. मी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"ही साय कशी धरली?"

"माझ्याकडून झाकण सैल राहिलं," ते ओशाळून म्हणाले. गोळ्या टाकल्याची जेवढी लाज वाटली नसेल, तेवढी त्यांना सायीची वाटत होती.

"उरलेल्या रंगाला साय धरू नये म्हणून तुम्ही काय करता?"

"वरून तेलाचा हलका थर सोडतो."

"त्याने रंग पातळ होतो?"

"छे! रंग आहे तसाच राहतो. फक्त वर साय धरत नाही."

"मग या गोळ्या म्हणजे ते तेल आहे. थिनर नाही. तुमच्या रक्तात एक थेंब पाणी पडत नाही, ते होतं तेवढंच दाट आहे. रक्तात बारीक बारीक पेशी असतात. कुठे चीर पडली की त्या धावत जातात, एकमेकींना चिकटतात आणि चीर बुजवतात."

"म्हणजे पुट्टी भरतात."

"पुट्टी भरतात. पण जाळी दिसली तरी त्यांना वाटतं, इथेही भरायचंय. तिथे त्या चिकटल्या, गोळा झाला, की नळी बंद. डॉक्टरांना ते नकोय. गोळी एवढंच करते, त्यांचा चिकटपणा काढून घेते. एकदा गोळीने गाठलेली पेशी मरेपर्यंत चिकटायची नाही."

ते पेंटर आहेत, पण मठ्ठ नाहीत. लगेच मान वर करून म्हणाले, "मरेपर्यंत नाही, तर मग रोज कशाला घ्यायची? एकदा घेतली, झालं."

"कारण शरीर रोज नव्या पेशी करतं. त्यांना कोण सांगणार? आजची गोळी आजच्या पेशींना, उद्याची उद्याच्यांना. तुम्ही थांबलात, जुन्या मेल्या, नव्या सगळ्या चिकट. म्हणून तर तुमचा अंगठा चटकन थांबला."

ते डब्याकडे बघत राहिले. त्या निळ्या सायीला त्यांनी बोटाने टोचलं. ती रबरासारखी आत गेली आणि वर आली.

"असलं काहीतरी माझ्या छातीत?"

"अजून नाही. आणि होऊ द्यायचं नाही," मी म्हटलं आणि त्यांच्या चपला पुढे सरकवल्या.

तसंच आम्ही त्यांना गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, आणि जाळी बंद पडल्याची काही खूण नाही म्हटल्यावर आम्ही बहिणींनी एकमेकींचे हात धरले. मग डॉक्टरांनी भावजींना जे झापलं, ते बाहेरच्या बाकावरच्या पेशंटांनीसुद्धा मन लावून ऐकलं. गोळ्या तिथेच, डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुरू झाल्या. ताई आता रोज गोळी दिल्यावर 'आ करा' म्हणते आणि जिभेखालीसुद्धा बघते. भावजी कुरकुरतात, पण आ करतात.

यालाही बरेच दिवस झाले. परवा मी खिडकीत होते, समोर ही मोठी रांग. तेवढ्यात रांगेतून वाट काढत भावजी आले. हनुवटीला कापूस चिकटवलेला आणि कापसाखालून गळ्यावर, गळ्यावरून पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर एक लांब लाल ओघळ.

"अगं बाई! दाबून धरा तो कापूस," मी ओरडले.

"कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करताना लागलं. मघापासून वाहतंय," ते छाती फुगवून म्हणाले. "बघ, बघ. कसा सरळ आलाय, थेट कॉलरपर्यंत."

जन्मात कुणाच्या चौकटीवरचा ओघळ सहन न झालेला माणूस स्वतःच्या गळ्यावरचा ओघळ मिरवत भर दवाखान्यात उभा होता. मला हसू फुटलं आणि डोळे भरून आले. मी खिडकीतून हात बाहेर काढून कापसाने गळा पुसायला गेले, तर ते चटकन मागे सरकले.

"पुसू नकोस," ते म्हणाले. "तुझ्या ताईला दाखवायचाय."