डाव्या हाताचं ब्रॅकेट

नारायण गेल्याचा निरोप जळगाव जामोदहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं सोनाळ्याला आणला, तेव्हा मी वांग्याच्या वाफ्यात होतो. हातपाय धुतले अन् तशाच मळक्या धोतरावर बसमध्ये बसलो. रडू आलं नाही. या वयात माणसं जातात, आपण बसमध्ये बसतो... एवढंच उरलंय.

तरुणपणी आम्ही दोघं एकाच जिनात कामाला होतो. कापसाची सरकी काढायची मशिनं सांभाळायची. मी हातोडीवाला, तो ड्रॉइंग शिकून आलेला. एकदा काडेपेटी पुढ्यात ठेवून वस्तू कागदावर काढायच्या दोन पद्धती मला शिकवायला बसला. "उजवीकडून पाह्यलेलं डावीकडं काढलं का फर्स्ट अँगल. उजवीकडचं उजवीकडंच ठेवलं का थर्ड. समजलं काय बे?" मी म्हटलं, "हाव." डोंबल समजलं होतं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता, नारायणचं लग्नही नुकतंच. जिनात परदेशी मशीन आलं. त्याचा शाफ्ट पेलणारं ब्रॅकेट इथंच ओतायचं ठरलं. आमच्याकडचे सगळे कागद फर्स्ट अँगलचे, हा एक थर्डचा. कोपऱ्यात तशी खूण होती, पण सवयीनं नारायणनं तिकडं पाहिलंच नाही. ब्रॅकेट ओतून आलं, भिंतीला लावून पाहिलं, तर त्याचा हात उजवीकडं जायचा तो डावीकडं गेलेला. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या. मालकानं विचारलं, "कोनं केलं हे?" सगळे ओताऱ्याकडं पाहायला लागले. तो बिचारा आधीच मान खाली घालून उभा.

"मी कागद उलटा वाचला," नारायण म्हणाला. "त्याची काही चूक नाई."

नोकरी राहिली. पण मालकानं त्याच्या हाती पुन्हा कधी ड्रॉइंग दिलं नाही. शिकलेला माणूस, जन्मभर तेलाचा डबा घेऊन मशिनींभोवती फिरला. मला त्या गोष्टीचा आजही राग येतो. त्याला कधी आलेला मी पाहिला नाही. फक्त कुठलाही कागद हाती आला, की तो आधी कोपरा पाहायचा. लग्नाची पत्रिका असो, कॅलेंडर असो. शेवटी दवाखान्यात छातीचा एक्स-रे आला, तर खाटेवरून विचारतो, "डॉक्टरसाहेब, हे कोनत्या बाजूनं पाह्यलेलं हाय?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

तेरवीला पुन्हा गेलो. माणसं जेवून पांगली होती. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीत जिनातलं तेच वाया गेलेलं ब्रॅकेट होतं, हिरवा रंग दिलेलं. त्याला कंदील लटकत होता, कंदिलाआड नारायणची पिशवी. इतकी वर्षं त्या घरी गेलो, पण आत कधी डोकावलो नव्हतो. वहिनी पदरानं ते ब्रॅकेट पुसत होत्या.

"भाऊजी, लग्न झालं तवा हे माह्यासाठी मुद्दाम बनवून आनलं होतं त्यायनं. मी डावखुरी ना. कंदील डाव्या हाताले यावा म्हनून." मग म्हणाल्या, "तुमाले बोलले असतीन न?"

मी पिशवीकडं पाहत राहिलो.

"हाव वहिनी," म्हटलं, "मापं घेताना मीच होतो संगं."