दही घेऊन धावपट्टीवर

सई एकटी उडणार, हे मला शनिवारी जेवताना कळलं. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, आणि मागच्या सीटवर शिकवणारे सरसुद्धा नाहीत! आधी दोनदा वाऱ्यानं तिच्या सोलोवर, म्हणजे या एकटीच्या उड्डाणावर, पाणी फिरवलं होतं. पुढे परीक्षा, म्हणजे हा रविवार हुकला की गेलंच. मी लगेच जाहीर केलं, मी येणार. "आई यार, तिथे बघण्यासारखं काही नसतं," सई म्हणाली. पण मी कुठली ऐकतेय?

उजाडायच्या आत दिल्लीतल्या सरोजिनी नगरातून निघालो. धौला कुआँ, गुरुग्राम, मग हरियाणातला सरळसोट हायवे. तुम्ही जाणार असाल तर असंच लवकर निघा, नाहीतर गुरुग्राममध्येच हॉर्न ऐकत बसाल. टोलच्या पुढच्या ढाब्यावर आलू पराठा आणि वर लोण्याचा गोळा. स्वस्त, आणि एकात दोघींचं भागतं. सईनं दोनच घास खाल्ले. माझी नुसती चुळबुळ चालली होती, कारण घाईत तिच्या हातावर दही घालायचं राहिलं होतं. डबा पिशवीत होता. काढला तर म्हणाली, "नंतर."

मैदानावर टोपी आणि भरपूर पाणी न्या. सावली म्हणाल तर एक पत्र्याची शेड, बस्स. धावपट्टी एकच, आणि तिच्यावर ग्लायडरही उडतात, शिकाऊ छोटी विमानंही. पलीकडच्या टोकाला एक यंत्र असतं, ते लांबलचक दोर ओढतं आणि ग्लायडर पतंगासारखा वर जातो. दोर पट्टीवर असेपर्यंत कुणी उतरायचं नाही, कुणी पट्टी ओलांडायची नाही. एकजण वॉकीटॉकीवर सतत विचारत असतो, वर कोण आहे, दोर कुठे आहे, पट्टी मोकळी झाली का. सईनं मला हे सगळं नीट समजावलं, जिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही ती पांढरी रेघही दाखवली. मी मान डोलावली, पण माझं लक्ष पिशवीतल्या डब्यात.

तिचा नंबर आला. ती आत बसली, काचेचं झाकण लागलं, दोर अडकवला. अगं बाई, ही तर निघाली! आणि मी डबा घेऊन तडक चालू लागले. काचेवर टकटक केलं की ती उघडेल, हात पुढे करेल, अशी माझी समजूत. घरासमोरून निघालेली रिक्षा मी अशीच थांबवते. ग्लायडर कलू नये म्हणून त्याचा पंख धरून उभी असलेली मुलगी आकाशात बघत होती. गवतातला दोर ताठ होताना मला दिसला, तरी पाय थांबले नाहीत.

खट्कन आवाज झाला आणि दोर सुटून पडला. सईनंच आतून सोडला होता. वॉकीटॉकीवर "स्टॉप, स्टॉप" सुरू झालं. उतरायला आलेलं एक छोटं विमान पट्टी मोकळी नाही म्हणून डोक्यावरून घरघरत निघून गेलं. मी मधोमध उभी, हातात दही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सर आले, पण ओरडले नाहीत. "आंटीजी, रस्सा जुड़ा हो तो यह लाइन मैं भी पार नहीं करता," एवढंच म्हणाले. सईला त्यांनी शाबासकी दिली, थोडं पाणी पी आणि मग उड म्हणाले. सई खाली उतरली.

"नहीं सर, आज नहीं."

मी गाडीत जाऊन बसते, तू उड, अशी मी किती विनवणी केली. तिनं ऐकलं नाही. दुपारपर्यंत वारा फिरला आणि विषयच संपला.

परतीच्या रस्त्याला दोन्हीकडे मोहरी फुललीय म्हणतात. मला काहीही दिसलं नाही. लोक सहलीहून फोटो आणतात, मी पोरीचा हुकलेला दिवस घेऊन आले. घरी चहा टाकला आणि शेवटी विचारलंच, उडली का नाहीस, घाबरली होतीस का?

"नाही," सई म्हणाली. "सरांना वाटतंय मी सावध होते म्हणून दोर सोडला. मी तुझ्याकडे बघत होते, आई. तू घाबरली असशील म्हणून. पंखाकडे बघायला हवं होतं, आणि मी तुझ्याकडे बघत होते."

मला रडूच आलं. म्हटलं, पुढच्या वेळी मी येत नाही.

"ये ना," ती म्हणाली. "पण मी तुझ्याकडे बघणार नाही."