लाळेचा आकडा

आता हे कुणाच्या डोक्यात यावं? पण मास्तरांच्या आलं. दवाखान्यानं लाळेचा नमुना द्यायला बोलावलं, आणि हा भला माणूस तिथल्या बेसिनवर खसाखसा दात घासत उभा! लाळ स्वच्छ द्यायची होती ना.

मास्तर म्हणजे शिंपी. उभी हयात लोकांच्या अंगाला टेप लावण्यात गेली. मग काविळीच्या विषाणूनं यकृत पोखरलं, पोट फुगलं, शिलाई मशीन बंद पडलं. त्यातच नात झाली. सुनेनं स्पष्ट सांगितलं, "बाबा, राग मानू नका, पण बाळाला हात लावू नका." कप वेगळा, टॉवेल वेगळा, खाट व्हरांड्यात. डॉक्टरांनी कंठशोष करून सांगितलं, "बाळाला लस दिलीय, उचलून घेतल्यानं काही होत नाही." पण ऐकतंय कोण! आणि मास्तरांचं आता काही खरं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

तेवढ्यात दवाखान्यात यकृताच्या रोग्यांची लाळ, घाम, अश्रू तपासून त्यात विषाणू किती ते मोजायचं काम निघालं. मास्तरांना आशा वाटली.

"सूनबाई, लाळेत काही निघालं नाही तर?"

"मग घ्या की खुशाल!"

म्हणून ते दात घासणं. यकृत बिघडलं की हिरड्यांतून जरा कशानं रक्त येतं, हे त्यांना कुठलं माहीत? चूळ लाल आली. ती त्यांनी गुपचूप नळाखाली वाहून जाऊ दिली आणि बाटलीत थुंकले.

आकडा आला लाखांच्या घरात. मास्तर परत व्हरांड्यातल्या खाटेवर.

दुसऱ्या दिवशी तपासणाऱ्या बाईंचा मुलाच्या मोबाइलवर फोन. त्यानं स्पीकर लावून तो मास्तरांपुढे धरला. "लाळ गुलाबी दिसत होती. मास्तर, दात घासले होते का? घासले होते? अहो, मग आम्ही तुमचं रक्तच मोजलं की! पुन्हा या, पण घासू नका."

सुनेनं सगळं ऐकलं. नातीला घेता यावं म्हणून सासऱ्यानं काय केलं ते कळून ती वरमली, आत गेली आणि बाळाला घेऊन आली. "चुकलं माझं, बाबा. घ्या."

नात त्यांच्याकडे झेपावली. मास्तरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको गं. लाखांत आहे."

"अहो, त्या बाई काय म्हणाल्या..."

"म्हणू देत! हिला काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?"

डोळे भरून आले. पण अश्रूंतही तेच असणार, या धास्तीनं त्यांनी मान फिरवली. रडायचीही चोरी!

पुन्हा नमुना द्यायला ते गेले नाहीत. मुलानं हातापाया पडून पाहिलं, सून रोज बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी राही, म्हातारा हटेना. व्हरांड्यात हातमोजे चढवून नातीसाठी झबलं शिवत बसे. माप लांबूनच, नजरेनं घेतलेलं.

मास्तर गेल्यावर सुनेनं ते झबलं बाळाला घालून पाहिलं. गळ्यातून खाली उतरेना. आयुष्यात कधी मास्तरांचं माप चुकलं नव्हतं. तिनं ते छातीशी धरलं आणि हंबरडा फोडला.