धाकट्या टेलरची कात्री

त्या दुकानात भाऊ दोन आणि कात्री एक. थोरल्याने मापं घ्यायची, कापड कापायचं. धाकट्याने मशीनवर बसून शिवायचं. बावीस वर्षं हीच वाटणी. धाकट्याचा हात असा, की शिवण शोधायला भिंग लागावं. पण मोठी कात्री त्याने उचलली ती फक्त तेल द्यायला.

एका सकाळी धाकटा डाव्या पायाची चप्पल उजव्यात घालून दुकानात शिरला. आदल्या दिवशी मुलगी इंग्रजी शब्दकोश घेऊन अभ्यासाला बसली होती. याने सहज विचारलं, "आपला टेलर सापडतो का गं त्यात?" सापडला, आणि तेव्हापासून स्वारी जमिनीवर नव्हती.

"दादा, टेलर म्हणजे मुळात कापणारा! जुन्या फ्रेंचमधल्या कापण्याच्या शब्दावरून आलाय. शिवण्याचा त्यात एक टाका नाही."

थोरल्याने तोंडातली टाचणी काढली. "बरं मग?"

"मग काय? म्हणजे इथे टेलर तू एकटाच. मी कोण?"

"तू माझा भाऊ. बस, बाह्या राहिल्यात."

"बाह्या होतील. मला एकदा कापू दे."

काजं करत बसलेल्या वहिनींनी मानही वर केली नाही. "भावोजी, घरात भांडायला आपली माणसं कमी पडली म्हणून फ्रेंच आणलेत होय?"

थोरल्याने कपाटातून करडं कापड काढलं. स्वतःच्या कोटासाठी चार वर्षं जपलेलं.

"गिऱ्हाइकाच्या कापडावर प्रयोग नको. हे काप. एवढंच आहे. बिघडलं तर कात्रीचं नाव पुन्हा काढायचं नाही."

धाकट्याने खडूच्या रेषा चारदा पुसल्या, पाचव्यांदा आखल्या. घामाचा थेंब कापडावर पडायच्या आत वहिनींनी पदर पुढे केला. आणि कात्री चालली. पाठ झाली, पुढचे भाग झाले, बाह्या झाल्या. धाकटा नुसता उधळला होता. दादा शिलाईला कापड कधी पुरेसं सोडत नाही, ही त्याची जुनी तक्रार. म्हणून त्याने चहूकडे दोन-दोन बोटं सोडली. इतक्या मोकळ्या मनाने, की कॉलरची वेळ आली तेव्हा हातात चिंधी उरली.

"आता कळलं मी चिक्कूपणा का करतो ते?" थोरला म्हणाला.

दिवसभर मान खाली घालून धाकट्याने तो कोट शिवला. संध्याकाळी थोरल्याने अंगात घातला, आरशासमोर हात वर केले, पाठमोरा झाला.

"खांदा बसलाय," थोरला हळूच म्हणाला. "माझा खांदा मला कधी जमला नव्हता."

"आणि हा बिनकॉलरचा गळा?" वहिनींनी विचारलं.

"नवीन पद्धत आहे म्हणून सांगेन."

कोट न काढताच त्याने शाळेच्या शर्टांचा तागा भावापुढे सरकवला. "अर्धे तू काप. आणि बोट एकच सोड."

त्याचं वाक्य संपेपर्यंत धाकट्याने कात्री उचललीही होती.